वेकमनांचा नारळ

कोकणात कुणाला आडनाव विचारलं तर तो रागावत नाही. उलट पाट पुढं सरकवतो आणि मूळपुरुषापासून सुरुवात करतो. आमचं आडनाव फणसोपकर. फणसोप खाडीपलीकडे, भाट्याच्या अंगाला. तिथं आमच्या मालकीचा एकही फणस उरलेला नाही, तरी नाव सुटत नाही. ही चौकशी अंगवळणीच पडलेली, म्हणून वेकमन साहेबांच्या बंगल्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा शिष्टाचार समजून मी त्यांनाही तेच विचारलं. "साहेब, वेकमन म्हणजे काय हो?"

साहेबांनी कप खाली ठेवला. "तीस वर्षं या किनाऱ्यावर काढली," ते म्हणाले. "हे विचारणारे तुम्ही पहिले."

ही गोष्ट सत्तावीस सालची. मी सकाळी शाळेत पोरांना इंग्रजी शिकवी आणि संध्याकाळी साहेबलोकांना मराठी. एकाच दिवसात दोन्ही भाषांची फजिती बघायला मिळणारा माझ्याइतका भाग्यवान माणूस रत्नागिरीत दुसरा नसेल. नवे अधिकारी परीक्षेपुरतं शिकत आणि बदली झाली की विसरत. वेकमन साहेब मात्र बंदरखात्यातून पेन्शन घेऊन बसलेले, त्यांना कुठली परीक्षा? पेन्शनीनंतर ते विलायतेला गेले होते. तिकडे मडमबाई वारल्या, आणि साहेब परत येऊन मिऱ्याच्या डोंगराखाली, पांढऱ्या समुद्रासमोर जांभ्या दगडाचं घर भाड्यानं घेऊन राहिले. "मला रागवायचं मराठी येतं, मास्तर," ते मला म्हणाले. "आता बोलायचं शिकवा."

त्या ओसरीवरच्या संध्याकाळी आजही जशाच्या तशा आठवतात. समोर वाळूवर खारव्यांच्या होड्या ओढून ठेवलेल्या, वाऱ्याबरोबर सुकत घातलेल्या बांगड्यांचा वास, आतून आलं घातलेला चहा. माझ्या ब्राह्मणी नाकाला त्या वासाची सवय व्हायला एक पावसाळा गेला. नंतर तो वास आला नाही तर चुकल्यासारखं होई. पुस्तक बाजूलाच राही. साहेब मोडक्या मराठीत आडनावाची गोष्ट सांगत आणि मी विभक्ती सुधारीत बसे.

गोष्ट अशी. त्यांच्या मुलखातल्या एका जुन्या गावात रात्रीच्या राखणीला एक माणूस नेमलेला असे. तो जागा राहायचा, म्हणून तो वेकमन. दिवेलागणीनंतर तो चव्हाट्यावर उभा राहून चारी दिशांना शिंग फुंकी. शिंग वाजलं की गाव त्याच्या हवाली. त्याबद्दल प्रत्येक दारामागे त्याला वर्षाचं ठरलेलं नाणं मिळे, आणि रात्री कुणाचं काही चोरीला गेलं तर भरपाई त्यानं करायची. पुढं ते पद गेलं, नाव मात्र घराण्याला चिकटलं. त्यातला एकजण बंदराला लागला, त्याचे मुलगे जहाजांवर गेले, आणि असं घरंगळत घरंगळत ते नाव मिऱ्याला येऊन पोचलं.

"आमचं आडनाव गावावरून, तुमचं कामावरून," मी म्हणालो. "काम गेलं तरी तुम्ही किनारे राखतच राहिलात की!"

साहेब हसले नाहीत. "आता राखायला कोण आहे? नेड होता."

नेड त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याचा जन्म रत्नागिरीचा. सात वर्षांचा होईपर्यंत तो याच वाळूत खारव्यांच्या पोरांबरोबर वाढला, त्यांच्यासारखंच बोलला, मग शिक्षणासाठी विलायतेला गेला आणि महायुद्धात फ्रान्सच्या बाजूला कुठंतरी चिखलात राहिला. प्रेत मिळालं नाही. साहेबांना एकच दुःख होतं, आणि ते त्यांनी मला सरळ सांगितलं. मुलगा गेला, त्याला थडगं नाही. आणि आपण गेलो की या घराण्याचं नाव घेणारंही कुणी उरणार नाही. मग नेड होता कशावरून?

त्यांना काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, "आमच्याकडे याला वंश बुडाला म्हणतात." साहेबांनी तो शब्द दोन-तीनदा पुटपुटून पाठ केला.

मार्गशीर्षात खारवीवाडीची राखण असे. राखण म्हणजे बंदराच्या राखणदारांना वर्षाचं देणं. घरटी एक नारळ. वाडीच्या टोकाला उंडीचं मोठं झाड, त्याखाली जांभ्याचा ओबडधोबड दगड. तिथं सूर्य बुडायच्या वेळेला सगळे बाप्ये जमत आणि म्हातारा बाबल्या गाऱ्हाणं घाली. बाबल्याचा मान पिढीजात. साहेबांना बघायची हौस, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. एवीतेवी असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. देव मी मानीत असे, पण तोही जरा हातचं राखून.

बाबल्या उघड्या अंगानं दगडासमोर उभा राहिला. "बा म्हाराजा, बंदराच्या राखणदारा! आज तुझ्या पोराबाळांनी जी काय राखण दिल्यानी हाय, ती गोड मानून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एकदम म्हणाले.

मग त्यानं एकेका राखणदाराचं नाव घेतलं. बुरुजावरचा, खाडीच्या तोंडावरचा, खडपातला, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांतला. प्रत्येक नावाला मागून "व्हय म्हाराजा!" साहेबांनी माझा दंड घट्ट धरला. "मास्तर, घरटी एक नाणं," ते इंग्रजीत म्हणाले, "घरटी एक नारळ. हे आमचंच आहे."

गाऱ्हाणं संपल्यावर त्यांनी मला बाबल्यापाशी नेलं आणि सगळं त्याला सांगायला लावलं. मी सांगितलं. बाबल्यानं मान खाली घालून ऐकलं, शेवटी विचारलं, "म्हंजे ह्येंच्या घरान्यात राखणदारी होती. आनि आता त्येंना राखण देनारा कोन नाय. आसंच ना?"

"तसंच."

"मंग ते बसतात कुटं?"

"कोण?"

"ह्येंचे जुने."

हे मी इंग्रजीत कसं सांगणार होतो? पण साहेबांना ते कळलं होतं. "माहीत नाही," ते मराठीत म्हणाले.

बाबल्यानं उंडीखालच्या दगडाकडे बोट केलं. "त्येंना हितं जागा देऊ," तो म्हणाला. "आमाला काय, येक नारळ जास्त. पन सायब, इचार करा. गाऱ्हान्यात नाव घातलं का मंग काडायचं नसतं."

आमच्या लोकांची चूक म्हणाल तर हीच. कुणी उपाशी आहे एवढं कळलं, की तो आपला की परका, जिवंत की मेलेला, हे विचारायच्या आधी पान मांडून मोकळे. मला हसू आलं, पण साहेबांचे डोळे भरलेले बघून ते गिळलं.

नव्या राखणदाराचा नारळ फोडत नाहीत. तो रात्रभर दगडाशी ठेवतात आणि सकाळी कानाशी हलवतात. पाणी वाजलं तर जागा नाकारली, नाही वाजलं तर घेतली. तो नारळ मीच आमच्या परड्यातून आणून दिला होता, चांगला पाण्यानं डुचमळणारा. सकाळी बाबल्यानं तो आधी साहेबांच्या आणि मग माझ्या कानाशी हलवला. नारळाला चीर नव्हती, डोळे बंद होते, आणि आत पाण्याचा टिपूसही वाजत नव्हता.

"झिरपला असेल," मी म्हणालो.

"आसंल," बाबल्या म्हणाला. वाद घालायची त्याला गरजच वाटली नाही.

त्यानंतर महिन्याभरात शिंगाची कुणकुण सुरू झाली. आधी खडपात कालवं काढणाऱ्या बायकांनी ऐकलं, मग जाळी सुकवणाऱ्या गड्यांनी. तिन्हीसांजेला, उंडीच्या झाडाकडून. आमच्या सावित्रीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, हे मासेवाल्या हिराकडून ऐकून मला सांगितलं. मी तिला म्हटलं, शिमगा जवळ आलाय, पोरं सराव करत असतील.

मग एका संध्याकाळी ओसरीवर बसलेलो असताना मी ते स्वतः ऐकलं. आवाज खालून, लांबून वर चढत आला, भरला, आणि ऐन मध्यावर तुटला. फुंकणाऱ्याचा दम संपावा तसा. पुढं फक्त लाटा.

साहेबांचा कप ओठाशी थांबला होता. बशीत चहा सांडला तो त्यांनी रुमालानं टिपला. मग ते म्हणाले, "आमच्या घराण्याचा दम आखूड आहे, मास्तर. मला दमा, माझ्या बापाला दमा. नेडला बाबल्यानं शिमग्याचं शिंग शिकवलं होतं. इथंच, या वाळूत. त्याला कधी पुरं फुंकता आलं नाही. नेहमी मध्येच तुटायचं."

दुसऱ्या दिवशी मी वाडीत गेलो. गंमत कोण करतंय ते धरून चार शब्द सुनवावेत, असा माझा बेत होता. वाडीत शिंग एकच. बाबल्यानं मला देवळात नेऊन आढ्याला टांगलेलं ते शिंग दाखवलं. त्याच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं होतं, पक्कं वाळलेलं. त्यातून वारासुद्धा गेला नसता.

"कोण वाजवतं मग?" मी जरा आवाज चढवून विचारलं.

"नेडबाबाचा दम पयल्यापासून तोकडाच," बाबल्या म्हणाला आणि शिंग परत टांगलं.

असं तीन-चार वर्षं चाललं. माणसाला कशाचीही सवय होते. त्या वर्षांत वाडीतली एक होडी बुडाली नाही की कुणाचं जाळं चोरीला गेलं नाही, असं खारवी सांगत. मी त्याला योगायोग म्हणे. तिन्हीसांजेला साहेब खुर्ची समुद्राकडे वळवून बसत. शिंग तुटलं की, "आज बरा होता," किंवा "आज थकलाय," एवढंच बोलत. मुलगा शाळेतून घरी आल्यावर बाप बोलेल तसं. मी बाजूला बसून त्यांचे शब्दप्रयोग सुधारीत असे. त्यांना मराठी चांगलंच यायला लागलं होतं. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत सुखाची वर्षं होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

तीस साली मिठाचा सत्याग्रह झाला आणि मी खादी घातली. साहेबांनी सदऱ्याचं कापड बोटांनी चाचपलं आणि "टिकेल" म्हणाले.

पुढच्या वर्षी बाबल्या गेला. गाऱ्हाण्याचा मान त्याच्या पुतण्याकडे, दाजीकडे आला. दाजी मुंबईच्या गिरणीत होता. सभा ऐकलेला, डोक्यावर गांधी टोपी, तोंडात धारदार भाषा. राखणीच्या आधी त्यानं वाडीला सांगून टाकलं, "गोऱ्याचं नाव आमच्या गाऱ्हान्यात घेनार नाय." कुणी विरोध केला नाही. खरं सांगायचं तर तत्त्व म्हणून मलाही ते पटलं होतं.

साहेब त्या दुपारी चालत माझ्या घरी आले. तोवर ते कधी आले नव्हते. दारातच धापा टाकत उभे राहिले. सावित्रीनं गूळपाणी दिलं, तेही त्यांना पिववेना.

"मास्तर, दाजीला सांगा, माझं नाव नको," ते म्हणाले. "माझा राग करा. तो तुमचा हक्क आहे. पण घराण्याचं नाव घेतलं नाही तर नेड कुठं जाईल? चिखलात परत?"

सावित्री पदरानं डोळे पुसत आत गेली. मी खादीचा सदरा घातला आणि वाडीवर गेलो. दाजीला परोपरीनं सांगितलं. "मास्तर, तुमीसुदीक?" तो म्हणाला. "आमच्या देवानं आता त्येंची चाकरी करायची?" मी तसाच घरी परतलो.

राखणीला साहेब आले आणि सगळ्यांच्या मागं, वाळूवर, एका उलट्या होडीला टेकून उभे राहिले. मी त्यांच्याजवळ. सूर्य टेकला होता. दाजीचा आवाज बाबल्यापेक्षा खडा.

"बुरजावरच्या राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"खाडीच्या तोंडावरच्या, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"खडपातल्या, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथं वेकमनांचं नाव यायचं. दाजीनं ते सोडलं. नारळ उचलायला तो खाली वाकला.

"व्हय म्हाराजा!"

हे कुणी समोरून म्हटलं नव्हतं. ते आमच्या मागून आलं.

सगळ्या माना वळल्या. मागं मी, साहेब आणि ओहोटीची ओली वाळू. पुढं पाणी. माणूस नाही.

दाजी तसाच वाकलेला राहिला.

परत आलं, पहिल्याहून जवळून. अनेक गळे होते. जड, जाडेभरडे, शब्दाची सवय नसलेले गळे. विलायती माणसाच्या जिभेवर मराठी कशी अडखळते ते मी जन्मभर ऐकत आलोय. माझी चूक होणं शक्य नाही. आणि त्या सगळ्यांच्या वर एक पोरगेला आवाज, अस्सल खारव्याच्या पोराचा, कुठंही न अडखळणारा.

"व्हय म्हा..."

मध्येच तुटला.

साहेबांचा हात माझ्या हातात होता. तो गरम होता. "ऐकलंत?" ते म्हणाले. "त्याचं मराठी तुमच्यापेक्षा चांगलं आहे."

दाजी सावकाश ताठ झाला. त्यानं टोपी काढून काखेत धरली. "वेकमनांच्या राखणदारा, म्हाराजा," तो म्हणाला. आवाज ओळखू येत नव्हता.

या वेळी वाडीनं उत्तर दिलं. त्यानंतर ते नाव कधी गाळलं गेलं नाही.

साहेब छत्तीसच्या थंडीत गेले. शेवटचे आठ दिवस मी आणि दाजी आळीपाळीनं उशाशी होतो. दाजीनं ते आपणहून अंगावर घेतलं. साहेबांच्या छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येई आणि प्रत्येक श्वासाला आम्हीच दमून जात होतो. जायच्या आदल्या दुपारी ते मला म्हणाले, "माझा नारळ ठेवा. पण सकाळी दाजीनं नाही, तुम्ही हलवा. तुम्ही मानत नाही ना? म्हणजे खोटं सांगणार नाही."

"आणि पाणी वाजलं तर?" मी विचारायला नको होतं.

"तर तो तिथं आणि मी दुसरीकडे," ते म्हणाले. भीती मी त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हाच एकदा पाहिली.

त्यांना ख्रिश्चनांच्या लहानशा दफनभूमीत पुरलं. वाडीतून बायकाही आल्या होत्या. संध्याकाळी दाजीनं उंडीखालच्या दगडाशी नारळ ठेवला, आणि उजाडल्यावर मी तो उचलला. कानाशी धरून हलवला.

पाणी वाजलं. खळखळ, भरपूर.

मी परत हलवला. परत वाजलं. जन्मभर नारळाला पाणी असतंच असं सांगत आलेला माणूस मी. त्या पाण्याच्या आवाजानं मला रडू कोसळलं. नारळ दाजीनं माझ्या हातातून घेऊन दगडाशी होता तसा ठेवला. "ऱ्हाऊ दे," म्हणाला. "आजचा दीस ऱ्हाऊ दे."

तो दिवस मी शाळेत कसा काढला ते आठवत नाही. दिवस कलल्यावर पाय आपोआप मिऱ्याकडे वळले. बंगल्याची दारं लावलेली. ओसरीवर साहेबांची खुर्ची समुद्राकडे तोंड करून तशीच. मी वाडीच्या टोकाला गेलो. दाजी उंडीखाली बसला होता. मी शेजारी बसलो.

सूर्य गेला. शिंग उठलं. खालून वर चढत आलं, भरलं, आणि नेहमीच्या जागी तुटलं.

मी उठायला हात टेकला.

दाजीनं मला धरून खाली बसवलं.

तुटलं होतं तिथूनच ते परत सुरू झालं. हा दम वेगळा होता, म्हाताऱ्या माणसाचा. त्याच्या आत एक बारीक शिट्टी होती. आठ दिवस मी ती उशाशी बसून ऐकली होती. त्या दमानं सूर सावकाश उचलला आणि पार शेवटापर्यंत नेला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी ते शिंग पुरं ऐकलं.

मग चारी बाजूंना शांत झालं. वाडीत कुणीतरी दिवा लावला.

दाजीनं दगडाशी ठेवलेला नारळ उचलून माझ्या हातात दिला. "सायब दम्याचं मानूस," तो म्हणाला. "वाटंत चडनीला बसले आसतील, दम खायला."

नारळाला कुठं चीर नव्हती. मी तो कानाशी धरला आणि हलवला. टिपूसही वाजेना. मग दुसऱ्या कानाशी धरून हलवला.